हात मागे

आपल्याकडे प्रवचनात उपादान आणि निमित्त हे दोन शब्द इतक्यांदा येतात, की ऐकता ऐकता लक्ष पुढे बसलेल्या बाईच्या पदराच्या काठाकडे जातं. दृष्टांतही ठरलेला. मातीचा घडा होतो. घडा होते ती माती, म्हणून माती उपादान. कुंभार, चाक, दांडा ही निमित्तं. कुंभार कितीही कसबी असो, तो स्वतः काही घडा होत नाही. यावर पंडितांचे वाद पुष्कळ आहेत, ते त्यांनी खुशाल घालावेत. मला या दोन शब्दांचा अर्थ डोळ्यांनी दिसला तो बस्तीत नाही, तर बंगळूरच्या एका सभागृहात, नववीतल्या पाच मुलींच्या रोबोसमोर.

रोबो म्हटलं की माणसासारखा चालणारा पुतळा डोळ्यांसमोर येतो. हा तसा नव्हता. लेगोच्या तुकड्यांची, बुटाच्या खोक्याएवढी चाकांची गाडी, पुढे दोन हात. स्पर्धेचं नाव फर्स्ट लेगो लीग. अमेरिकेत डीन केमन या संशोधकाने १९८९ साली 'फर्स्ट' ही संस्था काढली आणि पुढे लेगो कंपनीबरोबर मुलांसाठी ही स्पर्धा सुरू केली. दरवर्षी विषय वेगळा. २०२४-२५ साली समुद्र होता. सुमारे आठ फूट बाय चार फुटांच्या टेबलावर समुद्राचा नकाशा, त्यावर प्रवाळ, शार्क, जहाज, देवमासा अशी मॉडेलं. अडीच मिनिटांत रोबोने जमतील तेवढी कामं करायची.

आता मुख्य अट. रिमोट नाही. मुलींनी आधी लिहून ठेवलेल्या प्रोग्रॅमवर रोबो आपला आपण चालतो. टेबलाच्या कोपऱ्यात त्याचं घर असतं. तिथे असेतो त्याला हवं तसं हाताळा. घराबाहेर पडल्यावर मात्र हात लावला, की पंच एक लाल तबकडी काढून घेतो. तबकड्या सहा. पहिली गेली तरी गुण कमी होत नाहीत, म्हणजे एक वेळ माफ. पुढे ५०चे ३५, ३५चे २५ असे गुण उतरत जातात.

आमची शाळा बेळगावातली, मराठी माध्यमाची. केंद्राच्या २०१६ साली सुरू झालेल्या योजनेतून तिला अटल टिंकरिंग लॅब मिळालेली. पण या स्पर्धेचा संच, नोंदणी, प्रवास हा खर्च वेगळा. तो महिला मंडळाने उचलला, आणि त्यासाठी त्या वर्षीची श्रवणबेळगोळची सहल पुढे ढकलली. "पोरींच्या खेळण्यापायी देवदर्शन राहिलं," असं एक-दोघी बोलल्याच. संघात मुली सात होत्या. रात्रीचा प्रवास म्हटल्यावर दोघींना घरून नकार आला. उरलेल्या पाचजणींबरोबर कुणी बाईमाणूस हवं, म्हणून मी. त्यांतली एक माझी पुतणी.

तिचा सराव आमच्या घरी जेवणघरात चाले. सासूबाईंनी एकदा विचारलं, "काय करूलालीस गे?"

"आज्जी, देवमाशाला क्रिल भरवायचे."

क्रिल म्हणजे कोळंबीसारखे बारके जीव, हे कळल्यावर सासूबाई सरळ बसल्या. "यशोधर राजानं पिठाचाच कोंबडा बळी दिला होता. किती जन्म भोगलं त्यानं, ठाऊक आहे न्हवं?"

"आणि देवमाशाला उपाशी ठेवू काय, आज्जी?"

त्यावर सासूबाईंनी जपमाळ घेतली. पण दुसऱ्या दिवशी किती क्रिल तोंडात पडले ते त्यांनीच मोजलं.

राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून आम्ही पोचलो. सभागृहात मोठमोठ्या शाळांचे संघ, एकसारखे टी-शर्ट, फुगे, घोषणा. आमच्या शेजारच्या जागेवर एक गृहस्थ लॅपटॉपवर भराभर प्रोग्रॅम दुरुस्त करत होते आणि त्यांच्या संघातली मुलं बाजूला चिप्स खात बसली होती. मोठ्यांनी मुलांचं काम करायचं नाही, असा या स्पर्धेचा दंडक आहे. पण हात शिवशिवतात. प्रेक्षकांतल्या आयांचं तेच. रोबो जरा वाकडा गेला की त्या खुर्चीतून अर्ध्या उठत, जणू दुधाचं पातेलं उतू चाललंय.

पहिल्या फेरीत आमचा रोबो प्रत्येक वळणाला थोडा कमी वळला आणि देवमाशाच्या शेपटीकडे गेला. पुतणीने तीनदा उचलून घरी आणला. तीन तबकड्या गेल्या. दुसऱ्या फेरीत चार. वर्गात नव्वद अंशांत अचूक वळणारा रोबो इथे असा का करतो, ते कुणाला कळेना. एकजण म्हणाली चाकाला धूळ लागली. दुसरी म्हणाली नकाशाला सुरकुती आहे. तिसरी रडायला लागली.

विज्ञानाच्या सरांना कारण पहिल्या फेरीतच दिसलं होतं. हे त्यांनी मला नंतर, परतीच्या गाडीत सांगितलं. तेव्हा ते हात मागे बांधून उभे होते आणि त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, "चालू करता तेव्हा तो कुठं असतो?"

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. आपण किती वळलो हे रोबोला आतल्या एका सेन्सरवरून कळतं, आणि चालू होताना तो स्थिर असावा लागतो. शाळेत त्या रोबो टेबलावर ठेवून चालू करत. इथे घाईत, घाबरून, हातात धरूनच चालू करत होत्या. हात थरथरत होते, आणि ती थरथर रोबोने आपल्या हिशेबात धरली होती. प्रोग्रॅम बरोबर होता, चाकंही बरोबर होती.

तिसऱ्या फेरीत पुतणीने रोबो ठेवला, चालू केला आणि मनात पाच अंक मोजले. मला तिचे ओठ हलताना दिसले. मग सोडला. देवमाशाजवळ तो किंचित तिरका झाला. तिचा हात टेबलाच्या कडेपर्यंत आला, थांबला, परत पाठीमागे गेला. पाचांतले दोन क्रिल तोंडात पडले, तीन बाहेर सांडले. रोबो वळला आणि आपल्या पायांनी, म्हणजे चाकांनी, घरी आला. सहाच्या सहा तबकड्या शाबूत.

तीन फेऱ्यांतली सर्वांत चांगली तेवढीच धरतात, तरी आमचा क्रमांक मधल्याच्याही खाली लागला. पुढच्या फेरीसाठी निवड झाली नाही, ट्रॉफीही नाही. परीक्षकांपुढे समुद्रात हरवलेल्या जाळ्यांत अडकणाऱ्या कासवांवरचा आपला प्रकल्प मुलींनी मोडक्या इंग्रजीत सुरू केला आणि अडल्या तिथे कन्नडात सांगितला. एका परीक्षक बाईंनी कन्नडातच उलट प्रश्न केला, तेव्हा पाचीजणी एकदम बोलायला लागल्या. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत डबे उघडले आणि तुमकूर जाईपर्यंत पुढच्या वर्षीच्या हातांची चित्रं वहीत निघाली.

मंडळाच्या बैठकीत मला विचारलं गेलं, पैशांचं काय झालं? मी सरांच्या प्रश्नाची गोष्ट सांगितली. उत्तर ठाऊक असताना न सांगणं आणि तरी तिथून न हलणं, ही मदत आम्हा बायांना अवघड जाते. आपण मुलीची वेणी घालतो, डबा भरतो, वही चढवतो, पुढे तिचा विषय, गाव, घरही निवडतो, आणि या सगळ्याला माया म्हणतो. ती मायाच असते. पण तिच्यात आपल्या हातांची थरथरही मुलीत उतरत असते. जिने सर्वांत जोरात नावं ठेवली होती, तिनेच विचारलं, "त्या दोघी राहिल्या, त्यांच्या घरी कोण बोलणार?" आता ती आणि मी दोघी जाणार आहोत.

माझ्या घरातला प्रश्न वेगळा. दिरांच्या मते दहावीनंतर पुतणीने कॉमर्स घ्यावं, म्हणजे दुकानाचा हिशेब घरातच राहील. पुतणीला सायन्स हवंय. जेवणघरात हा विषय निघाला तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. मी दिरांना एवढंच विचारलं, "भाऊजी, दुकानात तिला बसायचंय, का आपल्याला तिला बसवायचंय?"

ते काही बोलले नाहीत. सासूबाईंनी ताटात भाकरी वाढली. अजून वर्ष आहे.