ओळख आणि जामीन

मराठीतला ‘ओळख’ हा शब्द मोठा दुपेडी आहे. एखाद्याला आपण ओळखतो तेव्हा त्याचे नाव, घर, स्वभाव, अडचणी यांच्याशी आपले काही नाते जुळलेले असते. ‘त्याची ओळख आहे’ असे म्हणतो तेव्हा मात्र कुठल्याशा कचेरीचा दरवाजा त्याच्यासाठी उघडणार आहे, एवढाच अर्थ उरतो. कोशात हे दोन अर्थ शेजारी नांदतात. बेकारीच्या दिवसांत त्यांतले अंतर माणसाला फार तीव्रतेने जाणवते. शहरातल्या गरीब वस्तीतून काम शोधायला निघालेला माणूस सहसा आळशी नसतो, पुष्कळदा अडाणीही नसतो. आपल्यासाठी शब्द टाकील असे त्याला कोणी नसते, ही त्याची खरी अडचण असते. वस्तीतली माणसे, संघटना, बँका आणि नगरपालिका यांनी एकत्र येऊन कामाची वाट मोकळी करण्याचे जे प्रयत्न आपल्याकडे झाले, त्यांचा विचार या एका शब्दाच्या आधाराने करावा असे मला बरेच दिवस वाटत आले आहे.

माझे बालपण गिरणगावात गेले. आजोबा कोकणातून मुंबईला आले ते गावच्याच एका जॉबरचा शब्द घेऊन. कामाला लावणारा जॉबर, गाळ्यात पथारीपुरती जागा देणारे गाववाले आणि महिनाभर उधारीवर जेवू घालणारी खाणावळवाली, या तीन ओळखींवर त्या पिढीचा कामगार शहरात उभा राहिला. तिच्यात जिव्हाळा होता, हे मी नाकारणार नाही. पण जॉबरची ओळख फुकट नसे. तिची दस्तुरी मोजावी लागे. आणि जी ओळख एकाला आत घेई तीच दुसऱ्याला दाराबाहेर ठेवी. विणकाम खात्यात कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे; विटाळाच्या कल्पनेने अस्पृश्य कामगारांना त्या अधिक पगाराच्या खात्यात प्रवेश नव्हता. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. माझे आजोबा आणि वडील दोघेही विणकाम खात्यातच होते. आमच्या घराला तो दरवाजा उघडा मिळाला, यात आमच्या हातांच्या कसबाइतकाच आमच्या जातीचाही वाटा होता.

बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ या कथेकडे मी म्हणूनच वारंवार वळतो. १९६३ साली त्याच नावाच्या संग्रहात आलेल्या या कथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परमुलखात जातो आणि डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून जात लपवतो. समीक्षकांनी तिच्यातील विद्रोहाची भरपूर चर्चा केली. मला ती कामाच्या शोधाचीही कथा वाटते. हाती नोकरी असूनही केवळ ओळख उघड होईल या भीतीने माणूस किती अधांतरी राहतो, हे तिच्याइतक्या निष्ठुरपणे क्वचितच कोणी सांगितले असेल.

खाजगी ओळखीच्या या जुलमावर शासनाने शोधलेला उपाय म्हणजे सेवायोजन कार्यालय. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून मोकळ्या झालेल्या जवानांसाठी १९४५ साली ही व्यवस्था सुरू झाली आणि पुढे सर्वांना खुली झाली. १९५९च्या कायद्याने सरकारी आस्थापनांवर आणि मोठ्या खाजगी आस्थापनांवर रिकाम्या जागा कळवण्याचे बंधन आले. मात्र नोंदणीतलाच माणूस घेण्याचे बंधन त्यात नव्हते. रांगेत सर्वांना सारखा न्याय होता, हे तिचे मोल कमी नाही. पण ती रांग कोणाला ओळखतही नव्हती. माझा धाकटा भाऊ मॅट्रिकनंतर ठरल्या मुदतीला आपले कार्ड नव्याने नोंदवून आणी. त्या कार्डावर त्याचा क्रमांक होता. त्याच्या हाताला यंत्राची किती समज आहे, हे लिहायला जागा नव्हती.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा कधीच साच्यावर उभे राहिले नाहीत. माझे वडील त्यांतलेच. जे घर तीन पिढ्यांच्या ओळखीवर उभे होते, ते काही महिन्यांत अनोळखी झाले. त्या काळात आम्हाला तगवले ते आईच्या चुलीने. ती पूर्वीपासून दहा-बारा जणांना जेवण देई. पैसे पगाराला मिळत, वाण्याची उधारी रोज वाढे आणि व्याजात सारी मेहनत जाई. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले ते अशाच बायकांना एकत्र करून. या बायकांकडे तारण ठेवायला काही नव्हते. राष्ट्रीयीकृत बँकेकडून मिळालेल्या कर्जासाठी त्या एकमेकींना जामीन राहिल्या. सुरुवात अवघ्या १४ जणींपासून झाली. संपात जेवणारे गावी गेले, उधारी बुडाली. तरी आई मंडळातल्या बायकांच्या आधाराने सावरली आणि कचेऱ्यांतल्या नोकरदारांचे डबे करू लागली. माझे एम.ए. आणि पुढचे संशोधन त्या डब्यांवर झाले.

या व्यवहाराचे मर्म मला असे दिसते. कोणती बाई हिशेबाची पक्की आहे, कोणाचा नवरा पैसे उडवतो, कोण आजारातही चूल विझू देत नाही, हे बँकेला कधीच कळले नसते. ते शेजारणीला ठाऊक होते. शेजारणीकडे भांडवल नव्हते, ते बँकेकडे होते. आणि दोघींच्या मध्ये उभे राहून शब्द पाळला जाईल हे पाहणारे मंडळ होते. जॉबरच्या मुठीतली ओळख येथे चारचौघींत आली आणि तिला जबाबदारीची जोड मिळाली. वशिला आणि जामीन यांतला भेद हाच आहे. वशिल्याला कोणापुढे उत्तर द्यावे लागत नाही. जामीन राहणाऱ्याला द्यावे लागते.

पुण्याचे उदाहरण याहून बोलके आहे. १९७२च्या दुष्काळाने मराठवाड्यातून शहरात लोटलेल्या अनेक दलित स्त्रिया उकिरड्यांवर कागद-काच वेचून जगत होत्या. चोर म्हणून हटकले जाणे, एवढीच त्यांची शहराला ओळख होती. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली आणि एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. तिच्या ओळखपत्रांना पुणे महानगरपालिकेने मान्यता दिली. २००८ मध्ये याच वेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी पालिकेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. काल जिला फाटकातून हाकलत होते तिची आज त्याच फाटकाशी वाट पाहिली जाऊ लागली. कागदाच्या एका कपट्याने जात पुसली जात नाही, हे खरे. पण ओळख लपवून जगण्यापासून ओळखपत्र गळ्यात घालून काम करण्यापर्यंतचे अंतर लहान नाही.

अशा प्रयत्नांचा गौरव करताना त्यांच्यावर न पेलणारे ओझे टाकू नये. चौदा चुलींनी बंद गिरणी उघडत नाही. पुण्यातही कराराच्या नूतनीकरणाचा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला आणि दर वेळी त्या बायकांना आपला हक्क नव्याने सिद्ध करावा लागला. धोरण चुकले की वस्तीची भागीदारी फक्त जखम बांधते. आज गिरण्यांच्या जमिनीवर उंच इमारती आहेत आणि गिरणी कामगारांची मुले-नातवंडे कोठे पहारेकरी, कोठे सामान पोचवणारी म्हणून राबतात. त्यांचे काम हातातल्या फोनवर येते आणि एका क्षणात नाहीसेही होते. त्यांना जॉबरला दस्तुरी द्यावी लागत नाही, पण कामावरून का काढले हे विचारायला समोर माणूसही नसतो. जुन्या ओळखीचा जुलूम आणि नव्या अनोळखीपणाची उपेक्षा या दोहोंच्या मध्ये त्यांना उभे राहायचे आहे. त्यांच्यासाठी जामीन राहणारे कोण, हा प्रश्न मला आज साहित्यातल्या कोणत्याही वादापेक्षा अधिक अस्वस्थ करतो.