खारेपाटाचा राता



तुझे पत्र पोचले. खाऱ्या पाण्यात तग धरविणारे ‘ते एक जनुक’ अधिक उताऱ्याच्या भाताच्या वाणात घातले की आपल्या खारेपाटाचे दैन्य फिटेल, ही तुझी कल्पना तुझ्या वयास शोभते खरी. शेताला मात्र ती मानवेलसे दिसत नाही.

आपला काळा राता किंवा भुरा राता हा खारीत तगणारा भाताचा वाण घे. त्याच्या दाण्याची तांबडी साल मुख्यत्वे एकाच जनुकाच्या स्वाधीन असल्यामुळे, पांढऱ्या तांदळाशी संकर केल्यास दुसऱ्या पिढीत तीन तांबड्यांमागे एक पांढरा, असा मेंडेलचा निर्मळ हिशेब लागतो. परंतु त्याच पिढीची रोपे खाऱ्या खाचरात लावशील, तर मेली आणि जगली अशी दोनच खाती मांडून भागणार नाही. काही लगेच करपतील, काही पिवळी पडून सावरतील, काही निम्मेच पीक देतील. कारण मुळाशी सोडियम अडविणारे जनुक निराळे, आत शिरलेला सोडियम जुन्या पानांत कोंडून कोवळी पाने राखणारे निराळे, पोटॅशियमची आवक सांभाळणारे निराळे, आणि बहुतेकांचा वाटा अल्प. पूर्वी खारेपाटातल्या गावांतून एका बांधाची राखण अनेक खातेदारांच्या अंगावर असे, तसाच हा कारभार. स्वीडनच्या नील्सन-एहले यांनी 1909 साली गव्हाच्या दाण्याच्या रंगात तीन जनुकांचा असा संयुक्त अंमल दाखविला, आणि अशा बारीक वाट्यांच्या बेरजेतून माणसाच्या उंचीसारखा अखंड चढउतार उत्पन्न होतो, हे फिशर यांनी 1918 साली गणिताने सिद्ध केले.

केरळच्या पोक्काली भाताच्या पहिल्या गुणसूत्रावर ‘साल्टोल’ नावाचा वजनदार भाग सापडला आहे, हे मला मान्य. पण त्याचा उपयोग मुख्यतः रोपावस्थेत. पाऊस ओसरून क्षार वर चढू लागतात तेव्हा भात फुलोऱ्यात असते, आणि तेथे दुसऱ्याच जनुकांची हुकमत चालते. म्हणून आपल्या अशिक्षित म्हटल्या गेलेल्या पूर्वजांनी खारीत तगलेल्या रोपांचेच बी पिढ्यानपिढ्या राखले, यास मी अडाणीपणा म्हणत नाही. जनुकांचे ते वाटे कोणते हे न जाणताही त्यांनी एकत्र जमविले.

सुटीत पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रात जाशीलच. तेथे रोपे किती जगली एवढेच विचारून परतू नकोस. पोसवल्यावर पळिंज किती निघाले, तेही विचार, आणि मला कळव.