घाणेरीचा गुच्छ

चि. मुक्तास,


तुझं पोस्टर पाहिलं. विषय पाणी वाचवण्याचा, म्हणून कोपऱ्यात हिरवं पान आणि त्यावर थेंब. रेषा गोड आहे तुझी. पण ते पान कुठल्या झाडाचं गं? निसर्गाकडून घ्यायचं ते असं वरवरचं नको, एवढ्याचसाठी हे पत्र.

तुमच्या हॉस्टेलमागच्या कुंपणाला घाणेरी माजली असेलच. मूळची अमेरिका खंडातली, आपल्या रानांना तिनं छळलंय खूप, पण ते सोड. एक गुच्छ तोड आणि नीट बघ. कडेची फुलं गुलाबी, मधली पिवळी, अगदी आत मिटलेल्या कळ्या. ताजं फूल पिवळं, मध त्यात असतो. परागण झालं की ते गुलाबी होतं, पण लगेच गळत नाही. त्यामुळे लांबून गुच्छ भरघोस दिसतो आणि फुलपाखरं येतात. जवळ आली की मात्र पिवळ्याकडेच वळतात. बोलावतो तो अख्खा गुच्छ, वाट दाखवतो तो एकटा पिवळा.

पोस्टरला आणखी काय हवं असतं, सांग? रस्त्यापलीकडचा माणूस थांबला पाहिजे आणि जवळ आल्यावर त्याला तारीख, ठिकाण शोधावं लागता कामा नये. तुझ्या पोस्टरवर पाच रंग आहेत आणि पाचही सारख्याच आवाजात बोलतात.

झाडाकडे नीट बघणं म्हणजे काय, ते कळायला कार्ल ब्लॉसफेल्टचे फोटो कुठे मिळाले तर जरूर बघ. हा बर्लिनच्या कलाशाळेत शिकवायचा. तरुणपणी ओतकाम शिकलेला. म्हणूनच असेल, झाडाकडे तो कारागिराच्या नजरेनं बघे. नेच्याचे वेटोळे कोंब, देठांची पेरं त्यानं साध्या कोऱ्या पडद्यापुढे धरून टिपली, काही तर तीसपट मोठी. सगळा खटाटोप वर्गातल्या मुलांना दाखवण्यासाठी. पुस्तक निघालं ते १९२८ मध्ये, साठी उलटल्यावर. त्या फोटोंत कोंब लोखंडी जाळीच्या नक्षीसारखा दिसतो, तरी त्यानं काहीच सजवलेलं नाही. मला त्याचं हेच फार मोठं वाटतं.

पोस्टर द्यायला अजून वेळ आहे ना? मग रंग बाजूला ठेव. थेंबच काढायचा तर अळवाच्या पानावरचा काढ. पान मेणचट असतं, शिवाय त्यावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे. म्हणून थेंब पसरत नाही, गोल राहतो आणि पान जरा कललं की घरंगळतो. भिंग घेऊन बस, पेन्सिलीनं काढ, खोडरबर घेऊ नकोस. कच्चे कागद तसेच मला पाठव. रंगांचं आपण मग फोनवर बोलू.

तुझी,
आत्या