संगमरवर कोठें लावावा?

छत्रपती संभाजीनगरास जाणारा प्रवासी बहुधा तें शहर पाहावयास जातच नाहीं. तो वेरूळ पाहावयास जातो, अजिंठा पाहावयास जातो, आणि शहरांत रात्रीपुरता उतरतो. फार झालें तर पाणचक्कीच्या वडाखालीं घटकाभर बसतो, बीबीच्या मकबऱ्यापुढें उभा राहतो आणि 'हा ताजमहालाहून लहान दिसतो' एवढा अभिप्राय देऊन परततो. २०२३ सालीं ज्याचें औरंगाबाद हें नांव अधिकृतपणें बदललें, त्या या नगराशीं आम्हां पैठणकरांचा संबंध मात्र निराळा आहे. आमच्या दृष्टीनें तें कोर्टाचें, दवाखान्याचें आणि खरेदीचें गांव. यंदा माघांत आम्ही तेथें अशाच एका खरेदीस गेलों. पण ती खरेदी अशी होती कीं, तिच्यामुळें चाळीस वर्षें परिचयाचें असलेलें हें शहर आम्हांस नव्यानें वाचावयास मिळालें. वाचकांच्या घरींही आज ना उद्यां हा प्रसंग यावयाचाच. म्हणून ती हकीकत येथें सांगतों.

आमचें कुटुंब एकत्र आहे. आम्ही दोघे भाऊ, आमचे मुलगे, सुना आणि नातवंडें मिळून चौदा माणसें एका स्वयंपाकघरांत जेवतात. थोरल्या बंधूंची नात चित्रफितींच्या संपादनाचें काम शिकली आहे. लग्नसमारंभांचें चित्रण करणाऱ्या एका व्यावसायिकानें तिला लग्नसराईचें काम देऊं केलें. अट एकच, काम स्वतःच्या यंत्रावर करून मुदतींत दिलें पाहिजे. यंत्र नसेल तर तिनें पुण्यास जाऊन कोणाच्या तरी कचेरींत बसावें, हा दुसरा मार्ग होता. तिच्या आईचें दुखणें पाहतां तिला घर सोडावयाचें नव्हतें, आणि घरालाही ती दूर जावी असें वाटत नव्हतें. आमचा नातू नुकताच महाविद्यालयांत गेला आहे. त्याला संगणक हवा होता तो खेळांसाठीं. दादांनीं निकाल दिला : "यंत्र एकच येईल, आणि तें दोघांचें. मोसंबीचे पैसे आले आहेत, त्यांतून ऐंशी हजार घ्या. माळवदाची दुरुस्ती पुढल्या वर्षीं करूं. याउपर एक रुपया नाहीं." घरचा हिशेब आम्ही ठेवतों, म्हणून खरेदीचें कामही आमच्याकडे आलें.

निघण्यापूर्वीं सूनबाईंनीं सुचविलें कीं, लॅपटॉपच घ्यावा; जागा कमी लागते आणि उचलून नेतां येतो. सूचना वावगी नव्हती. परंतु वेरूळचें कैलास लेणें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना आमचें उत्तर पटेल. तें लेणें एका अखंड खडकांतून, शिखरापासून पायाकडे कोरीत आणलेलें आहे. तें अद्वितीय खरें, पण त्यांतला एक खांबही मागाहून बदलतां यावयाचा नाहीं. लॅपटॉपची जात या अखंड शिल्पाची. त्यांतील चित्रें रंगविणारा भाग बहुधा कायमचा जडविलेला असतो; पुष्कळांत रॅमही तशीच. सुट्या भागांचा संगणक म्हणजे आपला जुना वाडा. आज एक तुळई बदलावी, उद्यां एक खण वाढवावा. ज्याची आजची थैली लहान आहे पण उद्यां कांहीं मिळकत होण्याची आशा आहे, त्यानें वाडा बांधावा.

पैठणहून शहर सुमारें पन्नास किलोमीटर आहे. बिडकीनच्या आसपास नव्या औद्योगिक नगरीचे रुंद रस्ते दिसतात, आणि पुढें शहरांत शिरल्यावर आमच्याच गांवाचें नांव धारण करणारा पैठण दरवाजा समोर येतो. मलिक अंबरानें १६१० सालीं निजामशाहीची राजधानी येथल्या खडकी गांवीं आणली. नगर वसवावयाचें तर आधीं पाणी पाहिजे, हें ओळखून त्यानें उत्तरेकडील डोंगरांतून जमिनीखालून नहर आणली. तीच ती नहर-ए-अंबरी. आज पैठण दरवाजाभोंवतीं मोबाइलच्या दुकानांची दाटी आहे, आणि तेथून टिळक पथानें गुलमंडीकडे जातांना माणसाला माणूस घांसतो. आम्ही दोन्ही नातवंडांना घेऊन संगणकाच्या एका दुकानांत शिरलों.

ज्यांनीं संगणकाची पेटी उघडी पाहिली नसेल अशा वाचकांसाठीं थोडक्यांत सांगतों. प्रोसेसर हा घरचा कर्ता. सारे हिशेब तो करतो. मदरबोर्ड ही ओसरी. सर्व मंडळी तिच्यावर बसतात. रॅम म्हणजे कामाचा पाट. तो जितका रुंद, तितकें साहित्य एकदम मांडतां येतें. एस. एस. डी. ही कोठीची खोली. ग्राफिक्स कार्ड चित्रें रंगवितें. पॉवर सप्लाय या सर्वांना वीज वाढतो, आणि कॅबिनेट म्हणजे या बिऱ्हाडाच्या भिंती.

दुकानदार सभ्य होता. त्यानें तयार यादीच पुढें केली. तींत आठ कोअरचा महागडा प्रोसेसर होता, कांचेचें कॅबिनेट होतें, त्यांत इंद्रधनुष्यासारखे रंग बदलणारे सहा पंखे होते. पण ग्राफिक्स कार्ड अगदींच लहान, रॅमची पट्टी एकच, आणि पॉवर सप्लायवर वॅटांचा आंकडा छापलेला असला तरी बनविणाऱ्याचें धड नांव नाहीं. बाहेरून दिवाळी आणि आंतून अमावास्या! नातू त्या दिव्यांकडे टक लावून पाहत होता. त्याला आम्ही अजागलस्तनन्याय समजावून सांगितला. शेळीच्या गळ्याला लोंबणारे स्तन दिसतात खरे, पण त्यांतून दूध निघत नाहीं. या दिव्यांनीं खेळ वेगानें चालत नाहीं कीं चित्रफीत लवकर तयार होत नाहीं. नातू कांहीं बोलला नाहीं, पण त्याचें मन दिव्यांतून निघालें नव्हतें. यादी खिशांत घालून आम्ही म्हणालों, "घाई नको. आधीं मकबरा पाहूं."

औरंगजेबाची पत्नी दिलरासबानू बेगम १६५७ सालीं निवर्तली. तिची ही कबर. प्रवेशद्वारावरील लेखांत अताउल्ला आणि हंसपतराय या दोघां करागीरांचीं नांवें आहेत. ताजमहालाला जुन्या हिशेबांप्रमाणें तीन कोटींच्या वर रुपये लागले. या इमारतीचा खर्च सात लाखांच्या आंत नोंदलेला आहे. म्हणजे ताजच्या चाळिसाव्या हिश्शाहूनही कमी पैशांत ताजसारखें कांहीं उभें करावयाचें, ही कामगिरी त्यांच्या माथीं आली. त्यांनीं सर्वत्र हलका संगमरवर लावून वेळ मारून नेली नाहीं. खालीं भिंतींच्या तळपट्टीपुरता खरा संगमरवर लावला, वर घुमटाला खरा संगमरवर लावला, आणि मधला सारा भाग इकडच्या काळ्या दगडानें बांधून त्यावर बारीक चुन्याचा गिलावा घोटला. लोक या इमारतीला गरिबाचा ताज म्हणून हंसतात. साडेतीनशें वर्षें उभी असलेली वास्तु त्या हंसण्यानें लहान होत नाहीं.

नातीनें भिंतीजवळ जाऊन तळपट्टी निरखून पाहिली आणि ती म्हणाली, "आजोबा, हात लागतो तेथें खरा दगड, आणि लांबून नजर जाते तेथें खरा दगड. मधें चुना." नातू म्हणाला, "मग ताई, आपल्या यादींत चुना कोणता?" आणि लगेच हंसून म्हणाला, "दुकानदारानें लावलेला सोडून!"

प्रश्न थट्टेंत निघाला, पण मर्माचा होता. तेथल्या बागेंत बसून आम्ही वहींत दोन रकाने पाडले, एक संगमरवराचा आणि एक चुन्याचा. प्रथम दोघांचीं कामें लिहिलीं. ज्या पडद्यावर खेळावयाचें त्याच्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रें हवीं असल्यास दर सेकंदास बारा कोटी चव्वेचाळीस लाखांवर ठिपके रंगवावे लागतात. हें काम ग्राफिक्स कार्डाचें. संपादनांतही रंग सुधारणें, चित्रावर संस्कार करणें आणि तयार फीत बाहेर काढणें यांत तेंच कार्ड हात देतें. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा आंत आणि बाहेर दोन्हीकडे उजेड पाडतो, तो हा देहलीदीपन्याय! म्हणून सर्वांत मोठा वांटा कार्डाला दिला, आणि आठ गिगाबाइटचें आरटीएक्स ५०५० ठरलें.

दुसरा संगमरवर कोठीच्या खोलीला. कॅमेरा सेकंदाला शंभर मेगाबिट वेगानें चित्रण करीत असेल तर तासाला पंचेचाळीस गिगाबाइट होतात. एका लग्नाचें चित्रण पांच-सहा तासांचें धरलें तरी अडीचशें गिगाबाइटांच्या घरांत जातें. म्हणून एक टेराबाइटची, आणि जुन्या साटा पद्धतीची नव्हे तर एन. व्ही. एम. ई. पद्धतीची एस. एस. डी. घ्यावयाची. साटाची धांव सेकंदाला साडेपांचशें मेगाबाइटांच्या आसपास संपते. दुसरी तिच्या कित्येक पट धांवते. जुनीं कामें जपून ठेवण्यास घरांतली जुनी हार्ड डिस्क पुरे.

रॅमचा प्रश्न कठीण होता. नातीला बत्तीस गिगाबाइट हवी होती. परंतु २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढले आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रशाळा जगांतील स्मृतीच्या चिपा ओढून घेत आहेत, आणि त्याची झळ पैठणच्या मुलीला लागते. तेव्हां सोळाच घ्यावयाची, पण एका पट्टींत नव्हे. आठ-आठच्या दोन पट्ट्या, म्हणजे दोन्ही वाटांनीं माहिती एकदम वाहते. मदरबोर्ड मात्र चार खांचांचा. दोन खांचा आज रिकाम्या राहतील. वाड्याचा वाढीव खण तो हाच.

आतां चुना. प्रोसेसर एक पायरी खालचा, सहा कोअरचा इंटेल आय-५ १२४००. त्याच्याच नांवापुढें 'एफ' हें अक्षर असलेला प्रकार थोडा स्वस्त मिळतो, पण त्यांत चित्र दाखविण्याची अंगची शक्ति नसते. ती असली म्हणजे संपादनांत मदत होते, आणि उद्यां कार्ड बिघडलें तरी पडदा काळा पडत नाहीं, काम चालूं राहतें. म्हणून 'एफ' नको. पडदा घरांतलाच जुना. संपादनाचें दाविंची रिझॉल्व्ह फुकट मिळतें. तिच्या कामास तें पुरेसें आहे. दिवे नातवानें आपल्या हातानें खोडले.

मग त्यानें पॉवर सप्लायही चुन्याच्या रकान्यांत लिहिला. "तो कोणाला दिसतो?" असें त्याचें म्हणणें. येथें आम्हांस आडवें यावें लागलें, आणि उत्तर देण्याऐवजीं आम्ही मुलांना पाणचक्कीवर नेलें. कोसांवरच्या डोंगरांतलें पाणी जमिनीखालच्या नळांनीं येथें येतें, भिंतीवरून पडतें आणि त्याच्या बळानें जातें फिरतें. त्या जात्यावर पूर्वीं फकिरांचें आणि वाटसरूंचें पीठ दळलें जाई. प्रवासी धबधबा पाहतात. नळ कोणी पाहत नाहीं. पण नळ एके ठिकाणीं फुटला तर जातें थांबतें. "जें दिसत नाहीं पण ज्यावर सारें चालतें," आम्ही म्हणालों, "तें चुन्याच्या रकान्यांत घालूं नये. त्याचा तिसरा रकाना, पायाचा."

तेथेंच वडाखालीं हिशेब केला. कार्ड १३० वॅट, प्रोसेसर जोरांत असतां ११७ वॅट, बाकीच्यांचे पन्नास धरले, एकूण तीनशें. त्यावर मोकळीक ठेवून साडेपांचशें वॅटांचा, '८० प्लस ब्रॉन्झ' प्रमाणपत्राचा, हमीचा पॉवर सप्लाय घ्यावयाचा. कमअस्सल पॉवर सप्लाय जळतांना सोबत्यांनाही घेऊन जाऊं शकतो. त्याच रकान्यांत हवा आली. वैशाखांत आमच्याकडे पारा चाळिसाच्या वर जातो, आणि काम तर नेमकें तेव्हांचें. म्हणून कांचेच्या तोंडाचें नव्हे, जाळीच्या तोंडाचें साधें कॅबिनेट.

संध्याकाळीं आमची यादी वाचून दुकानदार म्हणाला, "काका, यांत दिवा एकही नाहीं!" आम्ही म्हणालों, "दिवे घरीं पुष्कळ आहेत." तो हंसला, आणि त्यानें भाग मात्र चोख काढून दिले. दुसऱ्या एकानें वापरलेलें मोठें कार्ड अर्ध्या किमतींत, बिलावांचून देऊं केलें होतें. तें आधीं कोठें आणि किती राबलें हें कळण्यास मार्ग नव्हता. आम्ही तें नाकारलें. जी. एस. टी. चें पक्कें बिल घेतलें, प्रत्येक भागाचा क्रमांक त्यावर ताडून पाहिला, हमीचे कागद एका पाकिटांत घातले. ऐंशी हजारांतून सातशें रुपये उरले.

यंत्राची जुळणी दोघां भावंडांनीं ओसरीवर बसून केली. दिवेलागणीपर्यंत यंत्र तिचें, रात्रीच्या जेवणानंतर त्याचें, आणि लग्नसराईंत रात्रही तिचीच, असा ठराव दादांच्या समक्ष झाला. नातवानें तो मुकाट्यानें मान्य केला. पहिली फीत मुदतीच्या दोन दिवस आधीं गेली आणि तिचे पैसेही आले. ते रॅमच्या रिकाम्या खांचांसाठीं बाजूस ठेवले आहेत. त्यानंतर जें येईल तें माळवदाला.

ज्यांच्या घरीं अशी खरेदी व्हावयाची असेल त्यांना आमचें एवढेंच सांगणें. दुकानांत जाण्यापूर्वीं भागांचीं नांवें लिहूं नका. घरांतल्या माणसांचीं कामें लिहा. मग तीन रकाने पाडा. पायाचा रकाना आधीं भरा, उरेल त्यांतून संगमरवर घ्या, आणि चुना लावावयाचा तो आपल्या हातानें, जाणून लावा. संभाजीनगरास जाल तेव्हां मकबऱ्याची तळपट्टी संपून गिलावा जेथें सुरू होतो ती रेषा अवश्य पाहा. खर्चाची शहाणीव दगडांत कोरलेली पाहावयास मिळेल ती तेथेंच.