मृगाची वाट

दुबईच्या हिवाळ्याबद्दल आमची तक्रार नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा अशी सुखाची, की संध्याकाळी खाडीकाठी बसावे आणि उठूच नये. पुढे उन्हाचा पारा चाळिशी ओलांडतो. मग घर, मोटार, दुकान, मशीद, सगळीकडे एसीचा एकच ऋतू.

हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान. त्यामुळे रमजान साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. शिरवण्याला हे फिरणे अंगाला कळायचे. कधी रोजे वैशाखाच्या घामात, तर कधी ईद आषाढाच्या चिखलात. ईद चाँद सांगायचा, पेरणी मृग सांगायचा. अब्बा दोघांचेही ऐकत. अम्मी आगोटीची सुकी मासळी डब्यांत भरून ठेवी. पहिल्या पावसात वलगणीचे मासे भाताच्या खाचरांत चढत आणि आगरी शेजाऱ्यांबरोबर आम्हीही टोपल्या घेऊन धावत असू.

१९७० साली सिडको स्थापन झाली. पुढे शेतजमिनी संपादित झाल्या, सेक्टर पडले. पाऊस अजून तिथे येतो. मासे चढायला खाचरे नाहीत.

१६ एप्रिल २०२४ रोजी दुबईत विक्रमी पाऊस कोसळला, रस्ते बुडाले. खिडकीशी उभा नातू म्हणाला, "दादा, आला ना तुमचा पाऊस!"

आम्ही हसलो. पाऊस खराच होता. पण त्याची वाट कुणी पाहिली नव्हती, त्याच्यासाठी कुणी मासळी सुकवून ठेवली नव्हती.