रात्रीच्या पृथ्वीचा नकाशा

नकाशांचें वेड आम्हांस फार जुनें. देशोदेशींचे रंगीत नकाशे आम्हीं पुष्कळ पाहिले. परंतु ज्यावर एकही सरहद्द आंखलेली नाहीं, असा एक नकाशा गेलीं कांहीं वर्षें आमच्या भिंतीवर आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेनें २०१२ सालीं उपग्रहाच्या छायाचित्रांतून जुळविलेलें रात्रीच्या पृथ्वीचें तें चित्र. नाईलचा कांठ त्यांत दीपमाळेसारखा उजळलेला आहे. दक्षिण कोरिया लखलखतो, आणि उत्तर कोरिया राजधानीचा ठिपका सोडल्यास इतका काळोखा, कीं तेथें समुद्रच असावा असें वाटतें.

अर्थशास्त्रज्ञ या दिव्यांची मोजदाद करूं लागले, यांत नवल नाहीं. हेंडरसन, स्टोरीगार्ड व वाइल या त्रयीनें २०१२ सालींच निबंध लिहून, ज्या देशांचे सरकारी आंकडे भरंवशाचे नाहींत त्यांची आर्थिक वाढ दिव्यांच्या तेजावरून अजमावण्याची रीत मांडली. रीत चतुर खरी! पण प्रकाश म्हणजे वैभव हें समीकरण एकदां डोक्यांत बसलें, कीं डोळे फसूं लागतात. उत्तर डाकोटाच्या विरळ वस्तीच्या माळावर या नकाशांत महानगरासारखा प्रकाश दिसतो. तो तेलाच्या विहिरींतून निघणारा वायु जाळल्याचा आहे. नायजर नदीच्या मुखाशींही तीच कथा. तेथील खेडुतांच्या शेजारीं ती आग रात्रंदिवस जळते. त्यांच्या घरांत दिवा असेलच असें नाहीं. उलट, शहरानें रस्त्यांवर नवे पांढरे दिवे लाविले, तर त्यांतील निळा प्रकाश उपग्रहाच्या यंत्रास दिसत नसल्यामुळें तें शहर मंदावल्यासारखें भासतें.

काळोख वाचणें तर याहून अवघड. या चित्रांतील मुंबईचा भाग मोठा करून आम्हीं वर्गांत दाखविला. झगमगाटाच्या मधोमध काळा डाग पाहून एकानें विचारलें, "सर, इथें वीज पोंचली नाहीं काय?" मुलुंडला राहणारी एक मुलगी हंसून म्हणाली, "अरे, तें आमच्या घरामागचें जंगल!" बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे ते शंभराहून अधिक चौरस किलोमीटर. बिबट्यांचें घर तेथेंच. आणि १८६० पासून मुंबईस पाणी पाजणारा विहार तलावही तेथेंच.

त्या डागाच्या कडेस, आरे येथें, २०१९ च्या ऑक्टोबरांत मेट्रोच्या आगारासाठीं रातोरात झाडें तोडण्यांत आलीं. आतां तेथें दिवे आहेत. नव्या नकाशावर तो ठिपका उजळ दिसेल, आणि कोणी अभ्यासक त्यास बिनदिक्कत वाढीच्या रकान्यांत मांडील.