अहो, हे चिलट बघा!

थांबा, आधी हात धुऊन या. नीट पुसा. आता तळवा पुढे करा. ठेवलं! बघा! हे नॅट आहे! आपल्या हवाई दलाचं जुनं लढाऊ विमान, फक्त बहात्तर पट लहान! नाकापासून शेपटीपर्यंत जेमतेम बारा सेंटिमीटर, आणि या पंखाच्या टोकापासून त्या पंखाच्या टोकापर्यंत साडेनऊसुद्धा नाही. आणि हे मी जोडलंय! माझ्या या हातांनी!

विमानांतलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगते. महिन्याभरापूर्वी कुणी मला आकाशात बोट दाखवून विचारलं असतं, तर मी ‘विमान’ एवढंच उत्तर दिलं असतं. पण भाच्यानं वाढदिवसाला एक खोकं आणून दिलं. म्हणाला, “मावशी, तू बारीक भरतकाम करतेस ना, मग हे तुला जमेल.” मी खोकं उघडलं आणि आत काय, तर करड्या प्लास्टिकच्या चौकटी! चौकटींना लटकलेले तुकडे, चिंचेच्या फांदीला चिंचा लटकाव्यात तसे. प्रत्येकाशेजारी चिमुकला आकडा! मी म्हटलं, एकच तुकडा कापून बघू. आणि मग दुसरा कापला, आणि मग वैमानिकाच्या खुर्चीचे दोन तुकडे जुळतात का ते पाहिलं, आणि मग ते जुळले, आणि मग घड्याळात पाहिलं तर रात्रीचे दीड वाजले होते आणि कुकर लावायचाच राहिला होता!

आता हा गोंद बघा. हा गोंद नाहीच! पाण्यासारखा पातळ असतो. दोन तुकडे एकमेकांना टेकवून धरायचे, फटीला ब्रशचं टोक नुसतं लावायचं, की तो आपला आपण फटीतून सरसर धावत जातो! आणि तो चिकटवत नाही, प्लास्टिक विरघळवतो, त्यामुळे दोन तुकडे एकमेकांत मिसळून एकच होतात. सांधा सुकल्यावर मी नख फिरवून पाहिलं. फट नाही! (खिडकी मात्र उघडी ठेवा, वास फार उग्र असतो.)

आणि नाव! इंग्रजीत नॅट म्हणजे चिलट! संध्याकाळी दिव्याभोवती घोंगावतं ते! लढाऊ विमानाचं नाव चिलट! का, ते शोधायला गेले आणि टेडी पेटर भेटले. इंग्रज अभियंते. त्यांचं म्हणणं असं, की लढाऊ विमानं उगाच जड आणि महाग होत चालली आहेत, लहान आणि हलकं विमान करून बघू. आणि करून दाखवलं! १९५५च्या जुलैत नॅट पहिल्यांदा उडालं. खरं विमानसुद्धा केवढं, तर पावणेसात मीटर पंख आणि अडीच मीटरांच्या आतली उंची! आपल्या घराच्या छताखाली उभं राहील हो ते! ब्रिटिश हवाई दलानं त्याची दोन आसनी आवृत्ती शिकाऊ वैमानिकांसाठी घेतली, पण युद्धात ते खऱ्या अर्थानं कुणी वापरलं? आपण! आणि आता ऐका, सुरुवातीची काही नॅट इंग्लंडहून सुट्या भागांत आली आणि बंगळूरच्या कारखान्यात जोडली गेली! म्हणजे तिथल्या कामगारांच्याही हातात आधी तुकडेच होते! नंतर तिथंच दीडशेहून जास्त नॅट बनली.

आणि चाकं! चाकांबद्दल तर मला बोलायलाच हवं. पंख शरीराच्या वरच्या बाजूला खांद्यावर बसवलेत, म्हणून चाकं पंखात जात नाहीत, पोटात जातात. त्या चाकांना चिकटलेली झाकणं मी अडीच मिलिमीटरच्या खाचेत बसवत होते आणि मनात म्हणत होते, एवढी वाकडी आणि जाड झाकणं कशाला? आणि मग कळलं, की उडताना वेग कमी करायचा असेल, तर वैमानिक हीच चाकं अर्धवट खाली सोडायचा आणि झाकणं हवेत आडवी येऊन ब्रेक लागायचा! एकाच वस्तूकडून दोन कामं! जागा नाही, वजन वाढवायचं नाही, मग चाकालाच ब्रेक करा! मी ती झाकणं पुन्हा भिंगाखाली धरून बघितली. तुम्हीही बघा. दिसतंय ना?

मग एक घोटाळा झाला. सगळं जोडून झालं, चाकांवर उभं केलं, आणि विमान सावकाश मागे कलून शेपटीवर बसलं! नाक वर, चाक हवेत! पुन्हा उभं केलं, पुन्हा बसलं. मी भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, नाकात वजन भरायचं असतं गं, जोडायच्या आधी! आता नाक तर बंद झालेलं. मग मी पुढचं चाक काढलं, त्याच्या खळग्यातून भोक पाडलं, आणि शेजारच्या सायकल दुरुस्तीवाल्याकडून जुने छर्रे आणले, आणि मग चिमट्यानं एकेक आत सोडला, आणि प्रत्येकानंतर उभं करून पाहिलं. पाचव्या छऱ्याला नाक खाली आलं आणि तिथंच राहिलं! मी टाळ्या वाजवल्या. स्वयंपाकघरात, एकटीनं!

रंग चंदेरी. १९६५च्या युद्धात नॅट अशीच चंदेरी होती. चंदेरी रंग सगळे ओरखडे उघडे पाडतो, म्हणून पाण्यात बुडवून पॉलिश पेपरनं घासलं, तीन संध्याकाळी. आणि मग तिरंगी चक्र! कागदावर छापलेलं असतं. पाण्यात अर्धा मिनिट ठेवायचं, की ते कागदावरून सुटून बोटाच्या टोकाशी सरकतं, सायीसारखं! बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. ते पंखावर बसलं आणि प्लास्टिकचं विमान एकदम आपलं झालं!

त्या वेळी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मागे येऊन उभ्या राहिल्या. १९७१मध्ये त्या दादरला नव्या नवरी होत्या. युद्धात खिडक्यांच्या काचांना काळा कागद लावलेला त्यांना आठवतो. चष्मा पुसून त्यांनी विचारलं, “हेच का गं सेबरशी लढलेलं?” मी हो म्हटलं, पण सेबर, म्हणजे पाकिस्तानचं लढाऊ विमान, केवढं ते मला कुठं ठाऊक! मग मापं शोधली, बहात्तरनं भागली, आणि जाड पुठ्ठ्यातून सेबर कापलं. लांबी सोळा सेंटिमीटर, पंखही तेवढेच. ते नॅटच्या शेजारी ठेवलं आणि आम्ही दोघी गप्प झालो.

१९६५मध्ये ट्रेव्हर आणि डेन्झिल कीलर या दोघा सख्ख्या भावांना नॅटवरून सेबरशी लढल्याबद्दल वीरचक्र मिळालं. आणि १४ डिसेंबर १९७१ला श्रीनगरच्या विमानतळावर सहा सेबर चालून आली, धावपट्टीवर बाँब पडत होते, आणि त्यातूनच फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखोंनी नॅट वर उचललं. एकटे लढले. परतले नाहीत. परमवीरचक्र मिळालेले हवाई दलातले ते आजवरचे एकमेव.

पुठ्ठ्याची सहा सेबर मी कापली. आईंनीच टेबलावर गोल मांडली, आणि मधोमध नॅट ठेवलं. ही मांडणी अजून हलवलेली नाही. आम्ही जमिनीवर बसून जेवतोय.

सेखोंचं नॅट करण्यासाठी दुसरं खोकं मागवलंय, गुरुवारी येईल. तुम्ही या. खुर्ची आहे, भिंग आहे, ब्रश दोन आहेत, आणि खिडकी उघडी असते. येताना सायकलचे जुने छर्रे घेऊन या. पाच लागतात.